तुझ्या फोटोसमोर दिलजमाई

कुंदे, काल तुझी शोकसभा झाली. पाचची वेळ होती. सव्वापाच झाले, हॉल भरला, तरी तुझ्या फोटोला हार नव्हता, कारण पहिला हार कोणी घालायचा यावरून बाहेर जिन्यात हमरीतुमरी चालली होती. एका बाजूला आपल्या वॉर्डाचे अध्यक्ष दादा आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे निवडणुकीत पडलेल्या आपल्या पक्षाच्या उमेदवार वहिनी. दुसऱ्या बाजूला तुला ताई मानणारा रिक्षावाला सुऱ्या, ज्याने तुला ते तिकीट मिळावं म्हणून रिक्षा बंद ठेवून अख्खा वॉर्ड पालथा घातला होता, आणि त्याच्यामागे त्याची पंधरा-वीस पोरं. एकच पक्ष, एकच झेंडा, आणि एकमेकांच्या कॉलरला हात. शेवटी तुझी तेजू उठली आणि तिनेच हार घातला. आईच्या फोटोला हार घालायला पोरीला कोणाची परवानगी लागत होती?

तू गेलीस त्याला चौदा दिवस झाले. मी अजून धड रडलेले नाही. रडायला बसले की राग येतो. दादांचा येतो, सुऱ्याचा येतो, तुझा तर येतोच. सगळ्यात जास्त जिचा येतो ती माझ्याच घरात राहते, माझंच नाव लावते.

पंचवीस वर्षं आपण दोघींनी या पक्षाचं काम केलं. काम म्हणजे भाषणं नव्हेत, ती करायला बाकीचे होते. आपलं काम मतदार यादी फोडायचं. ते जाडजूड बाड तुझ्या खोलीत लादीवर पसरायचं, पट्टी आणि लाल पेन घ्यायचं, आणि इमारतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे नावं वेगळी काढायची. मी नाव वाचायची आणि तू डोळे मिटून सांगायचीस. हा सावंत कायमचा गावाला गेला, खोली भाड्याने दिली आहे. ही पोरगी लग्न होऊन मुलुंडला. हा मुलगा यंदा अठराचा झाला, नाव नोंदवलंय का विचार. मेलेल्या माणसाचं नाव आलं की म्हणायचीस, ‘ह्या नावार रेघ मार निमा, पण तेंच्या दारात यादी उघडू नको गो. म्हातारेक दिसात.’ पक्षातल्या एका तरी पुढाऱ्याला हे सुचलं असतं का? त्यांना तर आपल्या वॉर्डात किती जिने आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं.

एकदा मी मोठ्या ऐटीत पुढे झाले आणि आपण दोघींनी दुपारभर शेजारच्या वॉर्डात प्रचार केला. बारा इमारती. तिथल्या लोकांनी पाणी दिलं, पंखा लावला, आणि एकानेही सांगितलं नाही की बायांनो, तुमचा उमेदवार आमच्या मशीनवर असणारच नाही. कळलं तेव्हा मी रडकुंडीला आले. तू पायरीवर बसून पोट धरून हसलीस. ‘पुण्य लागला गो आपणाक, दुसऱ्याची मतां मागली,’ म्हणालीस. ते हसणं मला आता कुठे मिळणार आहे?

आणि दर संक्रांतीला महिला आघाडीचं हळदीकुंकू. हॉल तू ठरवायचीस. मालाडच्या बाजारातून वाण तू आणायचीस, कधी डबे, कधी गाळण्या, एका वर्षी तर नुसत्या झाऱ्या. घरोघर जाऊन निमंत्रण तूच द्यायचीस. आणि कार्यक्रम सुरू झाला की तू दाराबाहेर टेबल टाकून येणाऱ्या बायकांची नावं लिहीत बसायचीस, कारण तुझा नवरा गेलेला. आत चारशे बायका एकमेकींना कुंकू लावतायत, आणि ज्या बाईमुळे त्या जमल्या ती बाहेर वहीवर वाकलेली.

एका वर्षी माझं डोकं फिरलं. करंडा घेऊन मी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तुझ्या कपाळाला बोट लावणार, तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. ‘तमाशा करू नको. चार सासवा उठून जातीत, पुढल्या वर्षी सुनांका धाडूच्यो नाय. माका गर्दी व्हयी, कुंकू नको.’ मी तुला भित्री म्हणाले. तू मला येडी म्हणालीस. मग दर संक्रांतीला आपला हाच वाद. मी म्हणायची, आघाडी बायकांची म्हणवता आणि बाईलाच दाराबाहेर बसवता. तू म्हणायचीस, आधी बायका घराबाहेर तर पडू देत. कोण बरोबर होतं ते ठरायचं राहूनच गेलं. मला अजून वाटतं की मीच बरोबर होते. म्हणून तर पुढे मी जे केलं त्याला माफी नाही.

मग सोडत निघाली आणि आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. दुसऱ्याच दिवशी दादांनी वहिनींचे फोटो काढून घेतले, एक नऊवारीत, एक हात जोडलेला. ज्या वहिनी इतक्या वर्षांत कार्यालयाची पायरी फक्त गणपतीच्या आरतीला चढल्या, त्या आठवडाभरात बॅनरवर लाडक्या समाजसेविका झाल्या. इकडे सुऱ्याने उमेदवारीचा अर्ज आणला आणि तुला भरायला लावला. तू नाही नाही म्हणत भरलास. आणि वॉर्ड फुटला. जी पोरं एका बाइकवर तिघं बसून सभेला जायची, ती एकमेकांना बघून रस्ता बदलू लागली. महिला आघाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप फुटला. तुझ्या बाजूच्या बायकांनी नव्या ग्रुपला नाव दिलं ‘निष्ठावंत महिला आघाडी’. चार दिवसांनी आमच्या ग्रुपचं नाव झालं ‘खऱ्या निष्ठावंत महिला आघाडी’.

हो, आमच्या. मी दादांकडे गेले. लोकांना मी सांगत होते की माझ्या नवऱ्याला पालिकेच्या हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती तेव्हा दादांनी फोन केला होता, ते उपकार मी विसरणार नाही. दादांचा फोन एका मिनिटाचा होता. त्यानंतरचे आठ दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी कोण बसलं होतं? डबा कोण आणत होतं, डॉक्टरांच्या मागे कोण धावत होतं? उपकारच फेडायचे होते तर कोणाचे फेडायला हवे होते?

खरं कारण वेगळं होतं, ते आज तुला सांगते. तू नगरसेविका होणार आणि मी तुझ्यामागे पिशवी धरून फिरणार, हे मला सहन होत नव्हतं. वहिनी निवडून आल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. त्या मोठ्या घरच्या, त्यांचं काय ते त्यांच्यापाशी. पण तू माझ्या बरोबरीची. तू वर गेली असतीस तर मी मागे राहिले हे मला रोज दिसलं असतं. हे कबूल करायला तुला मरावं लागलं.

तिकिटाच्या मुलाखतींच्या आधीच्या रविवारी कार्यालयात महिला आघाडीची बैठक होती. बायकांचं मत कोणाच्या बाजूने आहे ते कळवा, असा वरून निरोप होता. तुझ्या नावाला जास्त हात वर होणार हे मला दिसत होतं. दादा मागे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी उठले.

‘कुंदाच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही,’ मी म्हणाले. ‘पण उमेदवार प्रचाराला दारोदार जाते. दारात बायका ओवाळतात, ओटी भरतात. कुंदाला कोण ओवाळणार आहे? पहिल्याच पायरीला अपशकुन कशाला करून घ्यायचा?’

एकेक बाई खाली बघायला लागली. ज्यांच्या पोरांना तू शाळेत प्रवेश मिळवून दिलेस, ज्यांच्या रेशनकार्डासाठी तू खेटे घातलेस, त्या सगळ्या लादी बघत बसल्या. मग हात वर झाले तेव्हा ते वहिनींच्या बाजूचे जास्त निघाले. सुऱ्या खुर्ची उचलून माझ्या अंगावर आला, त्याला तूच धरलंस. बैठक तुझ्या तिकिटाची, आणि चहासुद्धा तूच ओतत होतीस. माझा कप माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालीस, ‘च्या निवता, पी गो.’ आणि मी तो चहा प्यायले, कुंदे. तो तसाच ठेवून उठण्याइतकीही लाज मला वाटली नाही.

तिकीट वहिनींना मिळालं. तू सुऱ्याला सांगितलंस की झेंडा आपलाच आहे, काम करायचं. आणि तू प्रचाराला आलीस. प्रत्येक इमारतीच्या खाली थांबायचीस. वर दारादारात ओवाळणी चालायची आणि तू खाली गेटपाशी पत्रकांचा गठ्ठा धरून उभी. वहिनी एकदा म्हणाल्या, ‘कुंदाताई फार समजूतदार आहेत हो.’ मी मान डोलावली.

पण सुऱ्याने तुझं ऐकलं नाही, आणि त्यालाही मी सोडणार नाही. मतदान केंद्राबाहेर आपली पाच टेबलं असतात, लोकांना यादीतला नंबर शोधून द्यायला. मतदानाच्या दिवशी चार टेबलांवर माणूस नव्हता. सुऱ्या आणि त्याची पोरं मढला कोणाच्या तरी बंगल्यावर जाऊन बसली. ‘ताईंचा अपमान केला ना? आता भोगा!’ असा मेसेज तिथून टाकला. हे ताईंच्या अपमानाचा बदला घेणार, आणि ताई पाचव्या टेबलावर सकाळी सातपासून एकटी. तुझ्या जागी बसायला कोणी नव्हतं म्हणून तू जेवायलाही उठली नाहीस. मी वहिनींच्या गाडीतून समोरून गेले. तुझा चष्मा नाकावर घसरलेला, पट्टी यादीवर, आणि भोवती पंधरा माणसं. तू मला दिसलीस, मी गाडी थांबवायला सांगितली नाही.

वहिनी थोडक्यात पडल्या. समोरच्या पक्षाने गुलाल उधळला आणि आपल्याकडे गद्दार शोधायची मोहीम निघाली. रिकाम्या टेबलांवरची माणसं कुंदाची, म्हणून जबाबदार कुंदा. पक्षविरोधी कारवाया केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करा, खाली दादांची सही. पंचवीस वर्षांत पक्षाने तुझ्या नावाने पाठवलेलं ते पहिलं पत्र. तेजू सांगते, तू तीनदा खुलासा लिहायला बसलीस आणि तीनदा कागद बाजूला ठेवलास. सुऱ्याचं नाव लिहिलं की तू सुटत होतीस. नाही लिहिलंस. का नाही लिहिलंस गं? ज्याने तुझी वाट लावली त्याला पाठीशी घालायची काय गरज होती?

त्यानंतर आपली एकच भेट. मढहून टोपली घेऊन येणारी पार्वती, तिच्याकडे. वर्षानुवर्षं आपण दोघींत एक सुरमई घ्यायचो. त्या दिवशी टोपलीच्या या बाजूला मी, त्या बाजूला तू, आणि मी तुझ्याकडे बघत नाही. पार्वतीने कोयता हातात घेऊन आपल्याकडे आळीपाळीने बघितलं. ‘काय गो बायांनो, म्हावरा कापू का तुमाना कापू?’ तू हसलीस. मी नाही हसले. मग तू तिला म्हणालीस, ‘अर्धी कर. डोक्याकडची बाजू तिका दी, तिच्या घोवाक डोक्याचा तिखला आवाडता.’ बोलत होतीस माझ्याशीच, माझ्या नवऱ्याच्या आवडत्या कालवणाबद्दल, फक्त तोंड पार्वतीकडे होतं. मी ‘मला आज नकोय’ म्हणाले आणि चालायला लागले. पार्वती मागून काहीतरी बोलली, तू तिला गप्प केलंस. मी वळले नाही. ते मासे घेऊन घरी यायचं होतं, एवढंच. बाकी सगळं आपोआप झालं असतं.

तुझी बातमी मला ग्रुपवर कळली. सकाळी पाणी भरता भरता पडलीस म्हणे. दोन्ही ग्रुपवर फुलांचं तेच चित्र, तीच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली लगेच जुंपली. ताईंना नोटिशीने मारलं. नाही, ताईंना रिकाम्या टेबलांनी मारलं. तुला अजून घरातून हलवलंही नव्हतं आणि तुझ्या मरणाची वाटणी सुरू झाली होती. मी फोन ठेवला आणि तुझ्याकडे धावत आले. तेजूने मला आत घेतलं. तिच्या जागी मी असते तर घेतलं नसतं.

आता कालच्या सभेचं ऐक. ज्या दादांनी नोटिशीवर सही केली, ते माइकवर तुला ‘निष्ठेचा वटवृक्ष’ म्हणाले. मग पक्षाचे निरीक्षक उठले. इच्छुकांच्या मुलाखती घ्यायला आले होते तेच, आता वॉर्ड जोडायला पाठवलेले. ते म्हणाले, दोन्ही गटांची दिलजमाई हीच कुंदाताईंना खरी श्रद्धांजली. दादांना आणि सुऱ्याला पुढे बोलावलं, तुझ्या फोटोसमोर हातात हात द्यायला लावला. फोटोग्राफर म्हणाला, ‘दादा, जरा इकडे सरका, ताई झाकल्या जातायत.’ टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मग माझं नाव पुकारलं. ताईंची जिवलग मैत्रीण. काय बोलायचं तो कागद वहिनींनी माझ्या हातात दिला होता. मी तो उघडला नाही.

‘कुंदाचं तिकीट दादांनी कापलं नाही,’ मी म्हणाले. ‘मी कापलं. ती विधवा आहे हे भर बैठकीत बोलून कापलं. मी तिच्यावर जळत होते. आणि तुम्ही सगळ्या बायका तेव्हा माना खाली घालून बसला होतात. तेव्हा एकीने जरी मला गप्प बस म्हटलं असतं तरी मी बसले असते.’

कोणाची मान वर झाली का ते मला दिसलं नाही. तेवढ्यात सुऱ्याची पोरं उठून ओरडायला लागली, ‘ऐकलं ना? कबूल केलं ना?’ दादांचा एक माणूस माइकची वायर काढायला धावला. दिलजमाई होऊन दहा मिनिटं झाली नसतील, कॉलरला हात परत गेले. माझी कबुलीसुद्धा त्यांनी एकमेकांना फेकून मारायला वापरली. रात्रीपर्यंत तिची क्लिप दोन्ही ग्रुपवर फिरत होती, एकीकडे ‘सत्य बाहेर आलं’ म्हणून, दुसरीकडे ‘हिला कोणी फूस लावली’ म्हणून. तू कशी होतीस हे बोलायला कोणालाच वेळ नव्हता.

तरी खरं सांगते, हॉलमधून निघताना मला हलकं वाटत होतं. वाटलं, चला, बोलले, सुटले. स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. अशी मी जिना उतरत होते, तर खाली ते निरीक्षक गाडीची वाट बघत उभे.

‘निर्मलाताई तुम्हीच ना?’ ते म्हणाले. ‘कुंदाताईंनी मुलाखतीत तुमचं नाव घेतलं होतं.’

मला वाटलं, तक्रार केली असणार. बरंच झालं, असंही वाटलं.

‘तक्रार नाही हो. आम्ही प्रत्येकीला विचारतो, तुम्हाला तिकीट दिलं नाही तर दुसरं नाव कोणाचं सुचवाल? जी ती सुनेचं नाव सांगते, नाहीतर बहिणीचं. त्यांनी तुमचं सांगितलं. म्हणाल्या, तोंडाची वाईट आहे, पण माणसाने दार लावून घेतलं तरी परत त्याच्या दारात जाते. वॉर्डाला अशीच बाई हवी.’

त्यांची गाडी आली, ते गेले. मी तिथेच उभी राहिले. बैठक रविवारी झाली होती आणि मुलाखती गुरुवारी. म्हणजे मी तसं बोलल्यावर अवघ्या चार दिवसांनी.

आता हे घेऊन मी कुठे जाऊ, कुंदे? मला माफ करून माझं नाव दिलंस, की माफ न करताच दिलंस? मी तुला ओळखते. माफ केलं नसणार. मनातलं एका बाजूला ठेवायचं आणि काम बघायचं, ही तुझी खोडच होती. मला माफी चालली असती. शिव्या त्याहून चालल्या असत्या. भर रस्त्यात माझ्या थोबाडीत दिली असतीस तर तिथेच तुझ्या गळ्यात पडून रडले असते.

आज सकाळी दादांचा माणूस येऊन गेला, दुपारी सुऱ्या. तूच माझं नाव दिलं होतंस हे दोघांना निरीक्षकांकडून कळलंय. दोघांचं म्हणणं एकच, निमाताई, पुढच्या वेळी तुम्ही उभ्या राहा, पण आमच्याकडून. दोघांना दारातूनच घालवलं. तेव्हा जे तोंडातून निघालं ते ऐकून शेजारीण बाहेर आली.

मी लायक आहे हे तू एका परक्या माणसाला सांगितलंस. मला सांगायचं होतंस, नाहीतर मला मारायचं होतंस. दोन्हींतलं काहीच केलं नाहीस आणि मेलीस. बाकी सगळ्यांना मी कधीतरी माफ करेन. तुझा हा मोठेपणा मी कधीच माफ करणार नाही.